परदेशात आल्याबरोबर दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात घालावे का?

जाईजुई (म्युनिक)

नमस्कार. आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून म्युनिकला आलो. मुलगी आता वीस महिन्यांची आहे. नवऱ्याची नोकरी लगेच सुरू झाली. मी पुण्यातली नोकरी सोडून आले आहे आणि सध्या मुलीबरोबर घरी असते. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका किटाचे पत्र आले (इथे पाळणाघर आणि बालवाडी या दोन्हींना मिळून किटा म्हणतात). जानेवारीपासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या गटात एक जागा रिकामी होत आहे आणि आम्हाला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचे आहे.

मुलीला मराठीखेरीज दुसरी भाषा कळत नाही. "मम्मं", "पापा", "नक्को", "भूर जाऊ" अशा शब्दांवर तिचा सगळा संसार चालतो. ती अजून माझ्या हातून मऊभात खाते आणि दुपारी माझ्या कुशीतच झोपते. पुण्यात घरात आजी-आजोबा होते, खाली सोसायटीत मुले होती, जिन्यात कोणी ना कोणी तिला उचलून घेत असे. इथे नवरा सकाळी आठला गेला की संध्याकाळी सहापर्यंत तिला माझ्याशिवाय कोणी नाही आणि मलाही तिच्याशिवाय कोणी नाही. सकाळी तिला मोजे, लोकर, जाकीट, टोपी असे एकेक चढवून बाहेर काढेपर्यंत माझी निम्मी शक्ती संपते. बागेत गेलो की ती घसरगुंडीच्या पायथ्याशी उभी राहून इतर मुलांकडे बघत राहते. त्यांच्या आया माझ्याकडे बघून हसतात, पण बोलणे "हॅलो"च्या पुढे जात नाही. आता संध्याकाळी लवकरच अंधार पडू लागला आहे आणि त्यानंतरचे दीड-दोन तास मला सर्वांत जड जातात.

सासूबाईंचे म्हणणे असे की एवढ्याशा पोरीला, तिची भाषाही न कळणाऱ्या माणसांच्या हवाली करू नये. माझ्या आईचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मला स्वतःला जर्मन शिकून वर्षभरात पुन्हा काम सुरू करायचे आहे, परंतु त्यासाठी मुलीला लवकर दूर करते आहे असे होऊ नये, हीही काळजी आहे. ज्यांनी या वयाच्या मुलाला घेऊन देश बदलला आहे त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. तुमचा दिवस कसा जात होता, भाषेचे काय केले, आणि पाळणाघर लगेच सुरू केले की थांबलात?

कोरा_कागद (हॅनोव्हर)

जाईजुई, माझे मत आधीच सांगतो: जागा घ्या.

१ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. तरीही मोठ्या शहरांत हक्क असणे आणि जागा हाती येणे यांत बरेच अंतर असते, आणि म्युनिकमध्ये तर लोक मूल पोटात असतानाच चौकश्या सुरू करतात. बहुतेक जागा सप्टेंबरमध्ये भरल्या जातात. जानेवारीत जागा चालून येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ती सोडलीत तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागेल.

दुसरे म्हणजे, मुलीला पहिल्याच दिवशी दारात सोडून यायचे असते असे तुमच्या सासूबाईंना वाटत असेल तर तो गैरसमज त्यांनी काढून टाकावा. इथे रुळवण्याचा स्वतंत्र काळ असतो, त्याला आइनगेव्योनुंग म्हणतात. पुष्कळ किटा त्यासाठी बर्लिन पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर गटाच्या खोलीत तासभर बसतात आणि त्या दिवसांत मुलाला अजिबात एकटे ठेवत नाहीत. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात, फार तर अर्धा तास; मात्र तो दिवस सोमवार असेल तर तेही पुढे ढकलतात, कारण शनिवार-रविवारनंतर मूल पुन्हा घराला चिकटलेले असते. मूल रडले आणि तिथल्या ताईंकडून शांत झाले तर पुढची पायरी, नाही झाले तर आणखी काही दिवस पालक खोलीतच बसतात. कोणाचे दोन आठवड्यांत होते, कोणाला त्याहून बराच वेळ लागतो. पूर्ण दिवस आणि दुपारची झोप या गोष्टी अगदी शेवटी येतात.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. मूल खेळात रमले आहे असे पाहून हळूच सटकायचे नाही. "आई आता जाते आहे, परत येणार आहे," असे सांगून, हात हलवूनच निघायचे. आपल्याकडे मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवून निघून जाण्याची सवय आहे. इथे त्या ताई तसे करू देत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

देवगडकर (रत्नागिरी)

मी आजोबांच्या बाजूने लिहितो. माझी नात नेदरलँड्समध्ये आहे.

मुलीच्या आईची अडचण मला कळते, पण वीस महिन्यांच्या मुलीचे एका वर्षात किती बदलले याचा विचार करावा. घर बदलले, हवा बदलली, आजी-आजोबा काचेच्या पडद्यात गेले. तिच्या जगात तिच्या ओळखीची एकच गोष्ट उरली आहे आणि ती म्हणजे तिची आई. तीही दिवसातून सहा तास काढून घ्यायची असेल तर निदान एक हिवाळा थांबावे. घरात मराठी पक्की होऊ द्यावी, दोन-तीन शब्दांची वाक्ये येऊ द्यावीत, "मला पाणी हवे", "मला दुखते" एवढे तरी सांगता येऊ द्यावे. मग खुशाल पाठवावे. जागा आज गेली तर उद्या मिळेल. हे वय परत मिळत नाही.

कोरा_कागद यांनी सांगितलेली पद्धत ऐकून बरे वाटले, हे मात्र नमूद करतो.

निर्झर (गोथेनबर्ग, स्वीडन)

देवगडकर काकांचा मुद्दा मनाला लागतो, पण मुलगी सध्या आईच्या सहवासात सुखी आहे असे आपण गृहीत धरतो आहोत. जाईजुई यांनी लिहिलेला दिवस पुन्हा वाचावा. दिवसभर एकाच खोलीत एकच मोठे माणूस आणि एकच लहान मूल अशी रचना आपल्याकडे कधी नव्हतीच. आजी, काकू, शेजारीण, समोरच्या घरातली ताई अशा अनेक हातांत मूल वाढत होते. ते सगळे हात परदेशात एकदम नाहीसे होतात. चांगल्या पाळणाघरातून त्यातले दोन-तीन परत मिळतात, असा माझा अनुभव आहे.

स्वीडनमध्ये मुलामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकरजा असते आणि त्यांतले ९० दिवस प्रत्येकाने स्वतःच घ्यायचे असतात, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. त्यामुळे दुपारी बागेत बाबागाड्या ढकलणारे वडीलच जास्त दिसतात. साधारण वर्ष-दीड वर्षाची झाली की मुले बालवाडीत जाऊ लागतात. पहिल्यांदा धक्का बसला तो झोपेच्या वेळी: थंडीतही मुलांना उबदार पिशव्यांत घालून बाबागाड्यांतून अंगणातच झोपवतात. माझ्या आईने हे व्हिडिओवर पाहिले आणि त्या रात्री तिला झोप आली नाही. पण मुलगा तिथे घरच्यापेक्षा जास्त वेळ आणि शांत झोपत असे.

कपड्यांबद्दल एक सल्ला. लोकरीचा आतला थर, वरून पूर्ण अंगाचा थंडीचा पोशाख आणि पावसाळी दिवसांसाठी रबरी विजार, एवढे चांगल्या प्रतीचे घ्या; बाकी कशावर खर्च करू नका. मुले वर्षभरात मोठी होतात, म्हणून हे कपडे वापरलेले घेण्यात कोणालाच काही वाटत नाही. म्युनिकमध्ये लहान मुलांच्या जुन्या वस्तूंचे बाजार नक्की भरत असतील, आणि तिथेच पहिल्या ओळखीही होतील.

वाटसरू (फ्रँकफर्ट)

सर्वांनी चित्र जरा जास्तच उजळ रंगवले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

जानेवारीत किटा सुरू करणे म्हणजे सर्दी-खोकल्याच्या ऐन हंगामात सुरू करणे. पहिल्या हिवाळ्यात मुलगा जितका किटात होता तितकाच घरीही होता. ताप उतरून पूर्ण एक दिवस झाल्याशिवाय आणि उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी मुलाला परत घेत नाहीत. नियम योग्यच आहे, पण घरात आजी नाही, शेजारी ओळखीचे नाहीत आणि आईने नुकतेच काम सुरू केले आहे, अशा वेळी तो फार जड जातो. सरकारी आरोग्यविमा असलेल्या नोकरदार पालकांना आजारी मुलासाठी रजा मिळते, २०२४ आणि २०२५ साठी ती प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला १५ दिवस ठरवली होती. तुम्ही अजून नोकरीत नाही, म्हणून सध्या ती तुम्हाला घेता येणार नाही.

डॉक्टरांचेही आधी बघा. लहान मुलांचे डॉक्टर नवे रुग्ण सहज घेत नाहीत. दोन-चार ठिकाणी नकार ऐकण्याची तयारी ठेवा, पण मूल आजारी पडण्याआधीच नाव नोंदवा. दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर विचारता येते. जिवावरचे काही असेल तर ११२. आणि सर्दीतापाला इथले डॉक्टर झटकन औषध लिहून देत नाहीत. "भरपूर पाणी, विश्रांती, तीन दिवसांनी परत या," हे ऐकून सुरुवातीला राग येतो. पुण्यात त्याच तापाला दोन बाटल्या आणि एक पुडी मिळाली असती. आता मला हीच पद्धत पटते.

किटात प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. पुण्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत तारखा आणि लसींची नावे नीट वाचता येतील अशी आहेत का ते पाहा. नसतील तर तिथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत स्वच्छ लिहून मागवा. दंडावरच्या बीसीजीच्या खुणेबद्दल कोणी विचारले तर गोंधळू नका, इथे १९९८ पासून ती लस सरसकट देत नाहीत, त्यामुळे तरुण डॉक्टरांना ती खूण क्वचितच दिसते.

माझे म्हणणे एवढेच की किटा सुरू झाली म्हणजे जानेवारीपासून आपल्याला मोकळे दिवस मिळतील, असा हिशोब करू नका.

शेवंता (नाशिक)

मी वाचा आणि भाषा उपचाराच्या क्षेत्रात काम करते. परदेशातून सुट्टीला आलेले पालक सतत हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, ही समजूत आता मागे टाकायला हवी. मुलाचे शब्द मोजायचे असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. साधारण दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि "पापा आले", "दूध नको" अशा दोन शब्दांच्या जोड्या यायला लागल्या की आपण निश्चिंत असतो. त्यात काही शब्द मराठी आणि काही जर्मन असले तरी चालते. एकाच वाक्यात दोन भाषांची सरमिसळ होणे हेदेखील स्वाभाविक आहे, त्याला रागावू नये. मुलाने जर्मन शब्द वापरला तर आपण तेच वाक्य मराठीत सहज पूर्ण करून म्हणावे. "मराठीत सांग पाहू" असा आग्रह धरला की पुष्कळ मुले दोन्ही भाषांत गप्प बसतात.

नव्या भाषेच्या वातावरणात काही मुले आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाहीत. या काळात ती ऐकत असतात. मूल डोळ्यांत बघते का, बोट दाखवून हवे ते मागते का, हाक मारल्यावर वळते का, घरी नेहमीसारखे बोलते का, याकडे लक्ष द्यावे. हे सगळे असेल तर किटातली शांतता काळजीची नसते. यांपैकी काही नसेल तर मात्र "दोन भाषांमुळे होत असेल" म्हणून थांबू नये, आधी कान तपासून घ्यावेत. जर्मनीत २१ ते २४ महिन्यांच्या दरम्यान ऊ-७ नावाची तपासणी असते, तिच्यात बोलण्याविषयीही विचारतात. जाईजुई, तुमच्या मुलीचा नंबर आलाच आहे, आणि ही तपासणी विनामूल्य असते.

यामुळे देवगडकर काकांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे. आधी मराठी पक्की आणि मग जर्मन, असे एकामागून एक करण्याची गरज नाही. गरज आहे ती घरातल्या मराठीने समृद्ध राहण्याची. आईवडिलांनी मोडक्या जर्मनमध्ये मुलाशी बोलू नये. आपली भाषा आपण ज्या सहजतेने, लाडाने आणि रागाने बोलतो तीच मुलाला मिळावी. अंघोळीच्या वेळची बडबड, "इथे इथे बस रे मोरा", "चांदोबा चांदोबा भागलास का", वरणभात कालवताना केलेल्या गप्पा, यांतून जे मिळते ते ठरवून घेतलेल्या तासातून मिळत नाही.

जाईजुई (म्युनिक)

सर्वांचे मनापासून आभार. शेवंताताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि आता रोज व्हिडिओवर तिला एक बडबडगीत म्हणून दाखवायचे त्यांनी स्वतःहून ठरवले आहे. इथले घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटी मागे गेल्यापासून भारताशी साडेचार तासांचा फरक पडतो (उन्हाळ्यात साडेतीन असतो), त्यामुळे आमच्या दुपारच्या जेवणाची आणि त्यांच्या संध्याकाळच्या दिवेलागणीची वेळ जुळते. त्या देवापुढे दिवा लावतात तेव्हा मुलगीही इकडे हात जोडते.

वाटसरू, डॉक्टरांकडे नाव नोंदवले आहे, लसींची पुस्तिका मात्र तुमच्यामुळे उघडून पाहिली आणि एक तारीख खरोखरच वाचता येत नाही. आज पुण्याला कळवते.

माझी मोठी अडचण आता जेवणाची आहे. आम्ही शाकाहारी आहोत. डबा चालणार नाही, तिथे सर्वांना एकच जेवण असते, असे किटाने सांगितले. जी मुलगी माझ्या हातूनच भात खाते ती तिथे काय करेल?

खडीसाखर (श्टुटगार्ट)

जेवणाबद्दल निश्चिंत राहा. घरी भरवून घेणारी मुले तिथे चार मुलांच्या बरोबरीने बसली की स्वतः चमचा धरतात. अर्धे अन्न खाली सांडते आणि ताई शांतपणे पुसून घेतात. त्या कोणालाही भरवण्याच्या मागे लागत नाहीत. मूल "नको" म्हणाले की ताट बाजूला ठेवतात. आपल्या डोळ्यांना ते सुरुवातीला निष्काळजीपणाचे वाटते. पण माझा मुलगा महिन्याभरात तिथे जे काही मिळेल ते चाखून बघू लागला, आणि घरी अजूनही माझ्या हातून वरणभात खातो. दोन घरांचे दोन नियम मुलांना लवकर कळतात.

शाकाहाराचे आधीच, करारावर सही करण्यापूर्वी, लेखी सांगा. बटाटे, टोमॅटोच्या रश्श्यातला पास्ता, भाज्यांचे सूप, ग्रीसब्राय म्हणजे आपली रव्याची खीर, मिल्शराइस म्हणजे तांदळाची, हे सगळे आलटूनपालटून असते आणि मुलांना आवडते. "मांस नको" एवढे पुरेसे नाही. सूपमध्ये मांसाचा अर्क, लहान सॉसेज, आणि वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चिवट गोळ्यांमधले जिलेटिन यांचा वेगळा उल्लेख करा. त्या गोळ्यांमध्ये बहुधा डुकराचे जिलेटिन असते. शाकाहारी गोळ्याही मिळतात, त्यांची एक पिशवी ताईंकडे देऊन ठेवली की मुलगी वाढदिवसाला हिरमुसणार नाही.

दाण्याच्या कुटाचे मात्र सांभाळा. न्याहारीचा लहान डबा नेण्याची परवानगी असली तरी बऱ्याच किटांमध्ये इतर मुलांच्या ॲलर्जीमुळे शेंगदाणे आणि सुका मेवा चालत नाही. साबुदाण्याची खिचडी घरीच.

घरच्या जेवणासाठी: भारतीय दुकानात नाचणीचे पीठ मिळते, तूप घरी कढवता येते, मेतकूट येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवावे. इथला मागरक्वार्क (दह्यासारखे बिनसायीचे मऊ ताजे चीज) रात्रभर फडक्यात टांगून ठेवला तर उत्तम चक्का तयार होतो. साखर, वेलची आणि केशर घालून पाडव्याला श्रीखंड करा, पुण्याची आठवण येईल पण उणीव वाटणार नाही. आणि किटातल्या ताईंनाही एक वाटी द्या. आमच्या घराविषयी त्यांनी पहिल्यांदा आपणहून काही विचारले ते त्या वाटीनंतर.

देवगडकर (रत्नागिरी)

शेवंता यांचे म्हणणे वाचले. भाषेबाबतचा माझा आग्रह मी मागे घेतो. पण मला एक विचारायचे आहे. आम्ही आजी-आजोबा तिकडे येऊन राहिलो तर हा प्रश्नच उरत नाही, असे मला वाटत असे. जाईजुई यांच्या सासूबाईंनी पहिले काही महिने तिथे येऊन राहावे, हे शक्य नाही का?

कोरा_कागद (हॅनोव्हर)

काका, शक्य आहे, पण मर्यादा आहे. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. तेव्हा तीन महिने मिळतात, वर्ष नाही. त्यातही माझा सल्ला असा की आजी-आजोबांनी किटा सुरू होतानाच्या आठवड्यांत येण्यापेक्षा त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी यावे. सुरुवातीच्या काळात मूल जर आजीला चिकटले आणि आजी परत गेली तर मुलाला एकाच हिवाळ्यात दोनदा निरोप घ्यावा लागतो. उलट किटा अंगवळणी पडल्यावर आजी आली, तर संध्याकाळचे जड तास तिच्यामुळे हलके होतात, आणि आजारपणात घरी कोणी तरी असते. वाटसरूंची अडचणही त्यातून काही अंशी सुटते.

सोनचाफा (योकोहामा)

जपानमधून थोडेसे. इथल्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, रोज एक वही घेऊन जावी लागते. मुलाचा सकाळचा ताप, रात्री किती वाजता झोपले, सकाळी काय खाल्ले, शी कशी झाली, हे सगळे पालकांनी लिहायचे आणि दिवसभराचे ताईंनी लिहून परत द्यायचे. प्रत्येक वस्तूवर नाव लागते, अगदी प्रत्येक डायपरवरसुद्धा. पहिल्या महिन्यात मी रात्री जपानी अक्षरे गिरवत बसत असे. मला बोलता येत नव्हते, पण वहीतून तिथल्या ताईंशी माझी ओळख झाली. "आज तिने पहिल्यांदा दुसऱ्या मुलाला स्वतःचा बॉल दिला," हे वाक्य मी शब्दकोश घेऊन वाचले होते.

हे लिहिण्याचे कारण असे की जर्मनीत अशी वही नसली तरी जाईजुई यांनी सुरुवातीलाच एक कागद तयार करून ताईंना द्यावा. मुलीचे मराठी शब्द देवनागरीत न लिहिता तिकडच्या लिपीत, उच्चार कळेल असे लिहावेत आणि पुढे जर्मन अर्थ द्यावा: पाणी, शू, झोप, दुखते, नको, आई, गोधडी. पंधरा-वीस शब्द पुरतात. अनोळखी माणसाच्या तोंडून "पाणी?" असा प्रश्न आल्यावर लहान मुलाचा चेहरा कसा बदलतो, ते मी पाहिले आहे.

उंबरठा (न्युरेंबर्ग)

इतका वेळ वाचतो आहे. सगळ्यांनी आई आणि मुलगी एवढ्यांचाच विचार केला, म्हणून वडिलांच्या बाजूने लिहितो.

रुळवण्याच्या काळात किटात बसायला वडिलांनी जावे. आमच्याकडे मी गेलो होतो. जे मूल दिवसभर आईबरोबर असते त्याला आईपासून सुटणे सर्वांत अवघड जाते. वडिलांपासून ते रोज सकाळी सुटतच असते आणि संध्याकाळी ते परत येतात, हे त्याला ठाऊक असते. तिथल्या ताईंनीच आम्हाला हे सुचवले. मी खोलीच्या कोपऱ्यात त्या बुटक्या खुर्चीवर बसून राहायचो. काही करायचे नसते, मुलाशी खेळायचेही नसते. त्याने वळून पाहिले की आपण तिथे असायचे, एवढेच काम. सुरुवातीला मुलगा माझ्या गुडघ्याला धरून होता. मग त्याच्या नावाच्या खुंटीवरचे बेडकाचे चित्र त्याला आवडले, मग गाड्यांची टोपली. चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून त्याचे रडणे दाराआडून ऐकले आणि ते थांबलेलेही ऐकले.

व्यवहाराचे सांगतो. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत वडिलांनाही एल्टर्नत्साइट म्हणजे पालकरजा मागता येते. भारतात जन्मलेल्या मुलासाठीही मागता येते, मूल आपल्या घरात राहत असले की झाले. मात्र कंपनीला सात आठवडे आधी लेखी कळवावे लागते आणि त्या काळात पगार मिळत नाही. तेव्हा जानेवारीसाठी उशीर झाला असेल तर वर्षाची नेहमीची रजा वापरा किंवा सुरुवातीचा दिवस दोन-तीन आठवडे पुढे नेता येतो का ते विचारा. आणि पैशांचा विषय निघालाच आहे तर किंडरगेल्डसाठी (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यासाठी) अर्ज केला नसेल तर आजच करा. २०२५ मध्ये तो दर मुलामागे महिन्याला २५५ युरो होता आणि मागचे पैसे फक्त सहा महिन्यांपर्यंतचे मिळतात.

मला यातून आणखी एक गोष्ट मिळाली. परदेशात मुलाचे सगळे जग आईभोवती फिरते आणि वडील फक्त कमावून आणतात, अशी घडी आपल्या नकळत बसत जाते. त्या काही आठवड्यांत ती मोडली. आता ताप आला की कंपनीला फोन कोणी करायचा, हा प्रश्न आमच्या घरी पत्नीनेच सोडवायचा नसतो.

वाटसरू (फ्रँकफर्ट)

उंबरठा, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. माझी तक्रार किटाविषयी कमी आणि याविषयी जास्त होती, हे तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आले. जाईजुई, जागा घेऊ नका असे मी म्हणत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने नोकरीची मुलाखत ठेवू नका. भाषेचा वर्गही सकाळचा घ्या, आणि वर्ग बुडला तर चालेल असा घ्या.

निर्झर (गोथेनबर्ग, स्वीडन)

आणि संध्याकाळचे ते जड तास! अंधार पडला म्हणून घरात बसू नका. डोक्याला लावायचा दिवा आणि चमकणारी पट्टी असलेले जाकीट घालून इथली मुले अंधारातही बागेत असतात. तुमच्याकडे ११ नोव्हेंबरच्या सुमारास सेंट मार्टिनचा दिवस असतो. मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात आणि त्या फेरीत कोणालाही सामील होता येते. दिवाळीचा आकाशकंदील नुकताच उतरवला असेल तर तोच काठीला बांधून न्या.

जाईजुई (म्युनिक)

काल रात्री आम्ही दोघे बसून बोललो. जागा घेतो आहोत. नवऱ्याने आज वरिष्ठांना विचारले. वर्षाची रजा जोडून आणि काही दिवस अर्धा वेळ घरून काम करून किटात तोच बसणार आहे. रुळायला जास्त दिवस लागले तर त्यानंतर मी बसेन. सुरुवात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात करता येईल का, असे किटाला लिहिले आहे. सासूबाईंना मार्चअखेर बोलावण्याचा विचार आहे, पाडव्यानंतर. देवगडकर काका, तुमचे म्हणणे मी बाजूला सारलेले नाही. मुलीला सकाळी उशिरा नेऊन दुपारच्या झोपेआधी आणायचे, असे पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरते ठरवले आहे. दुपारची झोप ती माझ्याजवळच घेईल.

सोनचाफा, शब्दांची यादी सुरू केली. "गोधडी" तिसऱ्या क्रमांकावर आहे. आजीच्या जुन्या साडीची ती गोधडी नेता येईल का, हेही विचारले होते. घरची आवडती वस्तू जरूर आणा, असे उत्तर आले.

एक शेवटचा प्रश्न. करारात किती तासांसाठी नाव नोंदवावे? आधी कमी घेऊन मागाहून वाढवता येतात का?

कोरा_कागद (हॅनोव्हर)

तास वाढवणे बहुधा गटात जागा असेल तरच जमते, कमी करणे तुलनेने सोपे असते. म्हणून वर्षभरानंतर जितके लागतील तितक्या तासांच्या जवळचा पर्याय घ्या आणि मुलीला लवकर आणत जा. लवकर आणण्याला कोणी हरकत घेत नाही. म्युनिकमध्ये शुल्क तासांवर आणि काही ठिकाणी उत्पन्नावरही ठरते (बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून शुल्कच नाही, फक्त जेवणाचे पैसे द्यावे लागतात), तेव्हा दोन्ही पर्यायांतला फरक आधी विचारून घ्या. सुट्ट्यांचे वेळापत्रकही मागा. उन्हाळ्यात आणि नाताळात किटा काही काळ बंद असते, आणि त्या तारखा सासूबाईंच्या व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी हाताशी असलेल्या बऱ्या.